मनोहररावांची शुगर आणि समुद्राचं शेवाळ

कोणत्याही सुस्थितीतल्या घरात नवा पदार्थ भुकेपायी येत नाही, रक्ततपासणीपायी येतो. भूक लागलेल्या माणसाला शिजलं असेल ते चालतं. तपासणी झालेल्या माणसाला मात्र त्या घरात आजवर कधीच न शिजलेलं काहीतरी खावं लागतं, आणि ते निवडण्याचा अधिकार त्याच्या आप्तांकडे असतो.

नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या मनोहररावांची शुगर वाढली तेव्हा याच नियमाप्रमाणे कार्यवाही सुरू झाली.

मनोहरराव एका सरकारी कार्यालयातून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. माणूस अत्यंत भला. साऱ्या नोकरीत त्यांनी एकाही फायलीवर 'नाही' असं लिहिलं नव्हतं. जे नामंजूर करायचं, त्यावर ते 'तपासून पुन्हा सादर करावे' असं लिहीत, आणि अर्जदार तपासता तपासता म्हातारा होई. त्यामुळे त्यांना शत्रू नव्हते. (जे होते, ते अजून तपासत आहेत.)

डॉक्टरांनी त्यांना भात कमी करायला, तळलेलं सोडायला आणि रोज चालायला सांगितलं. तिन्ही गोष्टी फुकट होत्या आणि सहज करता येण्यासारख्या होत्या, म्हणून घरात कोणाचाच त्यांवर विश्वास बसला नाही.

दवाखान्यातून परत आल्यावर सून श्वेतानं चहा पुढे ठेवत विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर, बाबा?"

"थोडीशी शुगर आहे म्हणते. विशेष काही नाही."

कप बशीवर वाजला. श्वेताचे वडील हिंगणघाटला शाळामास्तर होते. त्यांनाही शुगर होती आणि तीही विशेष काही नव्हती. श्वेता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना ते बस स्टँडच्या बाकावर बसल्या जागी गेले. मनोहररावांना हे सोयरीक जुळतानाच कळलं होतं. पण आठवलं ते शब्द तोंडातून निघून गेल्यावर.  श्वेतानं बशीत सांडलेला चहा पुसला, आत गेली आणि मोबाइल उघडून बसली. जेवणाच्या वेळेपर्यंत उपाय सापडला होता.

उपाय असा: समुद्रातल्या शेवाळाचे वाळवलेले कागद घ्यायचे, त्यावर भात पसरायचा, मधे भाज्यांच्या काड्या ठेवायच्या, गुंडाळी करायची आणि तिचे गोल तुकडे कापायचे. तेल नाही, फोडणी नाही, तिखट नाही. व्हिडिओतली बाई हे रोज खात असे आणि तिच्या वयाबद्दल व्हिडिओखाली वाद चालू होता. काही जण तिला पंचविशीची समजत होते, काही जण सत्तरीची. आरोग्याचा याहून मोठा पुरावा कोणी मागू नये.

मनोहररावांचा मुलगा अमोल हिंगण्याला एका कारखान्यात सुपरवायझर होता. त्याला तर्काची वाईट सवय होती. तो म्हणाला, "पण डॉक्टरनं भात कमी करायला सांगितला ना? यात तर भातच आहे."

"हा गुंडाळलेला भात आहे," श्वेता म्हणाली.

या उत्तरात काहीतरी राहून गेलंय असं अमोलला वाटलं, पण नेमकं काय ते सांगता येईना, म्हणून ठराव मंजूर झाला.

नागपूर देशाच्या अगदी मधोमध आहे. कोणत्याही दिशेला गेलं तरी समुद्र गाठायला एक रात्र गाडीत काढावी लागते. इथल्या लोकांचा आणि समुद्राचा आजवर कधी वाद झालेला नाही, तो याच अंतरामुळे. तरीही चार दिवसांत शेवाळ दारात आलं. पाकीट उघडून मनोहररावांनी एक कागद उजेडात धरला. काळपट, पातळ, एका बाजूनं चकाकणारा.

"कार्बन पेपर आहे हा," ते म्हणाले.

"चकाकणारी बाजू खाली ठेवायची, बाबा," श्वेता मोबाइलवर पाहत म्हणाली.

"कार्बनलेही तशीच ठेवत होतो." निवृत्तीनंतर सरकारी अनुभव असा थेट उपयोगी पडल्याचं उदाहरण दुर्मीळ असावं.

मनोहररावांच्या पत्नी सुभद्राबाई यांची शंका वेगळी होती. कागदाला वास येत होता आणि तो कोणाचा तरी होता. "हे शाकाहारी आहे का वं?" त्यांनी विचारलं. श्वेतानं पाकिटावरचा हिरवा ठिपका दाखवला. सुभद्राबाईंनी पाकीट पुन्हा नाकाशी नेलं. ठिपका हिरवा होता. वास मात्र त्या ठिपक्याशी सहमत नव्हता. शेवटी, सरकारनं मान्य केलेली गोष्ट आपण नाकारू नये, असं मनोहररावांनी सुचवलं आणि सोमवार, गुरुवार व चतुर्थी वगळून हा पदार्थ खायला सुभद्राबाईंची हरकत राहिली नाही.

खरी अडचण भाताची होती. या कामाला भात चिकट लागतो. सुभद्राबाईंच्या घरात भाताचं शीत शिताला लागणं हा गुन्हा होता. श्वेता नवी सून म्हणून आली त्या पहिल्या महिन्यात तिचा भात गिचका झाला होता आणि त्यावर सुभद्राबाईंनी माहेरच्या वळणापासून सुरुवात करून बरंच काही ऐकवलं होतं. आता तसाच भात मुद्दाम करायचा होता. तो जमेना. लग्नाच्या इतक्या वर्षांनी श्वेताचा हात सुधारला होता. अखेर सुभद्राबाईंना तिच्याजवळ उभं राहून सांगावं लागलं, "तू पहिले करत होती ना, तसा कर."

श्वेतानं ते वाक्य ऐकून घेतलं. त्या दिवशी तिनं गाजर चिरताना गाणं म्हटलं.

भातावर व्हिनेगर शिंपडून तो निवेपर्यंत वारा घातला गेला. गाजर, काकडी, बीट आणि ढोबळी मिरची यांच्या लांब काड्या झाल्या. बांबूची खास चटई नव्हती, म्हणून ताटाखाली ठेवायची काड्यांची चटई कामाला लागली. पहिल्या खेपेतले निम्मे रोल कापताना उलगडले, काही कापण्याआधीच उलगडले, आणि उरलेले उलगडले असते तर बरं झालं असतं, पण ते टिकले. तेच मनोहररावांच्या ताटात आले.

मनोहररावांनी एक तुकडा तोंडात टाकला. आधी थंड भात लागला. मग आंबट लागलं. मग एक ओळखीचा वास आला, पण कुठला ते चटकन लक्षात येईना. थोड्या वेळानं आठवलं. पावसाळ्यात त्यांच्या कार्यालयातली रेकॉर्डची खोली उघडली की हा वास येई. त्या खोलीत त्यांनी उमेदीची वर्षं घालवली होती, पण ती चाखण्याचा प्रसंग आला नव्हता. त्यांनी चावून पाहिलं. भात गेला, काकडी गेली, कागद जाईना. तो जबड्यात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे बदलीवर जात राहिला.

समोर श्वेता उभी होती. हातात पुढचं ताट, कपाळाला भाताचं शीत लागलेलं. ती ताटाकडे पाहत नव्हती, त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. कोणी माणूस आपल्या खाण्याकडे इतक्या काळजीनं पाहतोय हे मनोहररावांनी फार दिवसांनी अनुभवलं.

त्यांनी कागद गिळला. "मस्त झालं," ते म्हणाले.

"खरंच, बाबा?"

"हाव. काहीतरी वेगळं आहे. आणखी दे."

पुढे जे घडलं ते सगळं या 'आणखी दे'तून घडलं. घरच्या कर्त्यानं शेरा मारल्यावर खालच्या कर्मचाऱ्यांना मत उरत नाही. सुभद्राबाई म्हणाल्या, "बरं लागते." अमोल म्हणाला, "हेल्दी लागतंय." (हेल्दी ही चव नाही, पण ज्या पदार्थाला दुसरी चव नसते त्याला ती आपोआप मिळते.) प्रस्ताव एकमतानं संमत झाला. श्वेताच्या चेहऱ्यावर त्या रात्री जे हसू होतं ते पाहून मनोहररावांना आपण पुण्य केल्यासारखं वाटलं.

महिनाभरात रविवारचे रोल रविवार आणि बुधवारचे झाले. मग आठवड्यातून चारदा होऊन अमोलच्या डब्यात गेले. सुभद्राबाईंनी त्याचं वर्णन मैत्रिणींना केलं ते असं: "आपल्या सांबारवडीसारखंच असते. फक्त तळलेलं नसते, तिखट नसते, गरम नसते आणि त्यात सांबार नसते." (सांबार म्हणजे नागपुरी कोथिंबीर.) ऐकणाऱ्यांना ते आरोग्यपूर्ण वाटलं. लवकरच भजनी मंडळातल्या बायका श्वेताकडे शिकायला येऊ लागल्या. प्रत्येकीनं एकेक तुकडा खाल्ला, प्रत्येकीनं डोळे मिटून मान हलवली आणि घरी जाऊन नवऱ्यासाठी तोच पदार्थ केला.

दरम्यान मनोहरराव रोज सकाळी फिरायला जाऊ लागले होते. डॉक्टरांचा सल्ला त्यांनी तेवढा मानला. ते चौकापर्यंत चालत जात, तिथल्या टपरीवर झणझणीत रस्सा ओतलेले तर्री-पोहे खात आणि चालत परत येत. हे ते चवीसाठी करत नव्हते. तोंडातून शेवाळाचा वास घालवण्यासाठी काहीतरी कडक लागत होतं, आणि लाल तर्रीइतकं कडक त्या परिसरात दुसरं काही नव्हतं. वर चणे आणि जास्तीचा चिवडा. एका बुधवारी शेजारच्या मोटरसायकलला टेकून एक इसम पाठमोरा तर्री ओरपताना त्यांना दिसला. शर्ट ओळखीचा होता. गेल्या दिवाळीला त्यांनीच घेऊन दिला होता. त्या इसमानं वळून पाहिलं.

"कंपनीत जाऊन राहिलो," अमोल म्हणाला.

"मी फिरून राहिलो," मनोहरराव म्हणाले.

हिंगण्याचा रस्ता त्या चौकातून जात नाही आणि फिरणारा माणूस प्लेट धरून उभा राहत नाही. पण दोघांनीही एकमेकांची निवेदनं स्वीकारली आणि पुढच्या खेपेपासून वेळा वाटून घेतल्या.

एकदा काटोलहून मनोहररावांचे मोठे चुलतभाऊ धोंडबा आले. संत्र्याची बाग असलेला, रोखठोक म्हणून नातलगांत नावाजलेला माणूस. लग्नात वरपक्षाच्या तोंडावर वरण पातळ आहे म्हणणारा. संत्र्यांची पिशवी ठेवून ते पाटावर बसले तेव्हा मनोहररावांना बरं वाटलं. आता कोणीतरी बोलेल आणि आपण सुटू, असं त्यांना वाटलं.

धोंडबांनी तुकडा उचलला, फिरवून पाहिला, तोंडात टाकला. बराच वेळ चावला. त्यांचे कान हलत होते.

"कसं आहे, काका?" श्वेतानं विचारलं.

धोंडबांनी तिच्याकडे पाहिलं, मग मनोहररावांकडे. "तुम्ही हे रोज खाता का गा?"

"आठवड्यातून चारदा," मनोहरराव आशेनं म्हणाले.

धोंडबांनी पाण्याचा तांब्या रिकामा केला. "नशीब लागते बाप्पा," ते म्हणाले. "आमच्या गावात कोण करते असं." श्वेतानं त्यांना डबा भरून दिला. आठ दिवसांनी त्यांच्या सुनेचा फोन आला की तिकडे सगळ्यांना आवडलं, कृती पाठवा. अशा रीतीनं शेवाळ काटोल तालुक्यात पोचलं. रोखठोक माणसाचं असंच असतं. वरणाबद्दल तो खरं बोलू शकतो, कारण वरण कोणाच्या मायेनं झालेलं नसतं, कंत्राटानं झालेलं असतं.

मे महिन्यात पुन्हा तपासणी झाली. शुगर आणखी वाढली होती.

श्वेतानं अहवाल दोनदा वाचला. संध्याकाळी मनोहरराव पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तेव्हा ती ओट्याशी उभी होती. पाठमोरी. समोर भात निवत पडला होता आणि ती त्यावर वारा घालत नव्हती.

"बाबा, माझंच काहीतरी चुकून राहिलं," ती न वळता म्हणाली. "मी अजून भाज्या वाढवते. रोज दोन्ही वेळा करते. माझ्या बाबांच्या वेळी मला काही करताच आलं नाही. ते विशेष नाही म्हणत आणि आम्ही ऐकून घेत होतो."

मनोहररावांच्या हातातला पेला तसाच राहिला. दोन्ही वेळा हे शब्द त्यांना ऐकू आले होते हे खरं आहे, पण त्यांना बोलायला लावलं ते त्या शब्दांनी नव्हे. ती तिच्या बापासाठी रडत होती, आणि ते मात्र तिच्या बापासारखंच वागत होते.

"तुझं नाही चुकलं," ते म्हणाले. "मी रोज चौकात तर्री-पोहे खातो. कधी दोन प्लेट. वरून कचोरी."

श्वेता वळली. "काहून, बाबा?"

साऱ्या आयुष्यात जे लिहिलं नव्हतं ते मनोहरराव त्या संध्याकाळी बोलले. "मले हे रोल आवडत नाही, श्वेता. पहिल्या दिवसापासून नाही आवडत."

 ती ओट्याला टेकून खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. मनोहरराव घाबरले. जवळ गेले तर ती हसत होती, डोळ्यांतून पाणी तसंच वाहत होतं.

"मलाही नाही आवडत," ती म्हणाली. "मला तर वासानंच मळमळते. तुम्ही इतके आवडीनं खाऊन राहिले म्हणून मी करून राहिली."

सासरा-सून बराच वेळ स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून होते. त्या घरात इतकं खरं एका बैठकीत पूर्वी कोणी बोललं नव्हतं, त्यामुळे दोघांना थोडं थकल्यासारखंही वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून दोघांनी मुकाट्यानं डॉक्टरांचं ऐकायला सुरुवात केली. ज्वारीची भाकर, चवळीची नाही तर आंबाडीची भाजी, तेल बेतानं. टपरी बंद. संध्याकाळी दोघं जवळच्या तलावाला चक्कर मारत. श्वेता भरभर चालायची आणि मनोहरराव मागून 'थांब वं' म्हणत चालायचे. रोल मात्र एकदम थांबवता येईनात. सुभद्राबाईंच्या मंडळाचा वर्ग सुरू होता, अमोल डबा मागत होता. (तो डबा कंपनीच्या फाटकाशी बसणाऱ्या कुत्र्यांना घालत असे. तीही पुढे जागा बदलून गेली.) म्हणून रविवारपुरते रोल चालू ठेवले.

पावसाळा संपता संपता तिसरी तपासणी झाली. शुगर उतरली होती, चांगली उतरली होती. डॉक्टर खूश झाले. "काय बदल केला?" त्यांनी विचारलं.

मनोहरराव बोलायला तोंड उघडेपर्यंत शेजारी बसलेल्या सुभद्राबाई म्हणाल्या, "सुनेनं शेवाळाचे रोल सुरू केले ना." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. महिन्याभरात सक्करदऱ्यातले बरेच मधुमेही शेवाळ शोधत फिरताना दिसू लागले. भाकरीची कोणी चौकशी केल्याचं ऐकिवात नाही.

मनोहररावांची एकसष्टी हॉल घेऊन करायची ठरली. मेनू काय ठेवावा यावर चर्चाही झाली नाही. ज्या पदार्थानं माणूस वाचला तोच असणार होता. श्वेता आणि मंडळाच्या बायका आदल्या दिवसापासून गुंडाळत होत्या. सकाळी मनोहररावांनी तिला बाजूला बोलावलं.

"मी आज माइकवर सांगून टाकतो."

श्वेताचे हात कोपरापर्यंत भातानं माखले होते. "सांगा, बाबा," ती म्हणाली. "मी पण सुटीन."

समारंभात आधी धोंडबा बोलले. काटोलला त्यांच्या घरी आता दर शनिवारी रोल होतात, तेव्हापासून त्यांचा गुडघा दुखायचा थांबला, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या झाल्या. मग डॉक्टर बोलले. पुन्हा टाळ्या. मग मनोहरराव उठले.

"मले आज एक खरं सांगायचं आहे," ते म्हणाले.

 प्रत्येकाच्या हातात प्लेट होती आणि प्रत्येक प्लेटमध्ये पहिला तुकडा अर्धवट खाल्लेला होता. धोंडबांनी चावणं थांबवलं. डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. भजनी मंडळाच्या बायका, त्यांचे नवरे, अमोल, खुद्द सुभद्राबाई, सगळे एकदम पुढे झुकून त्यांच्याकडे पाहू लागले. ती आशा होती. मनोहररावांना ती श्रद्धा वाटली. एवढ्या माणसांना आपण खोटं कसं पाडायचं, असं त्यांच्या मनात आलं. मागच्या दारात श्वेता नवं ताट घेऊन उभी होती.

"खरं म्हणजे," मनोहरराव म्हणाले, "हे सगळं माझ्या सुनेमुळं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. नेहमीच्या टाळ्यांपेक्षा त्या किंचित उशिरा सुरू झाल्या, पण सुरू झाल्यावर फार जोरात वाजल्या. श्वेतानं क्षणभर डोळे मिटले, मग ताट घेऊन पुढे आली आणि वाढायला लागली.

आता नातलगांतल्या तीन लग्नांचे मेनू ठरले आहेत. मनोहररावांची शुगर ताब्यात आहे. संध्याकाळी तलावावर सासरा आणि सून भाकरीबद्दल दबक्या आवाजात बोलताना दिसतात आणि कोणी ओळखीचं आलं की विषय बदलतात.

वाचकांना मनोहरराव भित्रे वाटले असतील. वाटणं योग्यच आहे. इतकी साधी गोष्ट ज्याला बोलता येत नाही त्या माणसाला हसावं तेवढं थोडं. तेव्हा आपण असं करावं. आज घरी पान वाढलं जाईल, वाढणारं माणूस पदराला किंवा फडक्याला हात पुसत उभं राहील आणि विचारेल, "कसं झालंय?" आपण घास बाजूला ठेवावा, त्या माणसाकडे नीट पाहावं आणि जे वाटतं तेच सांगावं. घाई नाही. आम्ही थांबतो.

नाही जमलं ना. बरं, उद्याही तेच आहे.